रस्त्याकडं पाठ केलेली घरं

घर कुणीकडं तोंड करून बांधायचं, हे कोण ठरवतं? वास्तुशास्त्रवाला म्हणतो पूर्वेकडं. इंजिनियर म्हणतो नकाशात असेल तसं. आमच्या गावात मात्र कितीक वर्षं एकच उत्तर होतं, रस्त्याकडं. कारण रस्त्यावरून नेते जातात, नेत्यांना दार दिसलं पाहिजे, दारावरची पाटी दिसली पाहिजे, आणि पाटीवर आनंदराव सरपंचांचं नाव दिसलं पाहिजे. शाळेवर त्यांचं नाव, व्यायामशाळेवर त्यांचं नाव, स्मशानाच्या कमानीवर त्यांचं नाव. अहो, एका हातपंपावरसुद्धा मी त्यांचं नाव लिहिलंय, आणि त्या पंपाला पाणी नाही.

मी म्हणजे पोपटराव पेंटर. भीमेच्या अलीकडं शिरूर तालुका, पलीकडं दौंड, आणि दोन्हीकडच्या भिंती मी रंगवल्यात. फ्लेक्स आला आणि आमच्या धंद्याचं वाटोळं झालं, पण आनंदरावांना फ्लेक्सवर भरवसा नाही. फ्लेक्स वाऱ्यानं फाटतो, विरोधक फाडतात. भिंतीवरचं नाव कोण फाडणार? म्हणून माझी चूल पेटती राहिली. गाव कुठलं म्हणाल, तर वडगाव रासाईच्या शेजारचं, नदीकाठचं. नाव सांगत नाही. सरपंचांना छापलेलं नाव फार आवडतं, म्हणूनच सांगत नाही.

पण गोष्ट सरपंचांची नाही, अनसाबाईची आहे. आम्ही तिला अनसामावशी म्हणतो.

अनसामावशी धनगराची. उंच बाई, आवाज खडा. नदीच्या या काठावरून हाक मारली की पलीकडच्या काठावरचा माणूस ‘काय झालं?’ म्हणून उभा राहणार. लग्न होऊन आली ती थेट वाड्यातच. तुम्ही लगेच चौसोपी वाडा डोळ्यासमोर आणू नका. धनगराचा वाडा म्हणजे मेंढरं घेऊन एकत्र चालणारी बिऱ्हाडं. कवठे येमाईच्या माळावरून निघायचं, दिवाळीनंतर कोकणात उतरायचं, पावसाच्या तोंडाला परत यायचं. मावशीनं निम्मं आयुष्य असं चालत काढलं. मग गायरानं गेली, माळावर कंपन्यांचे प्लॉट पडले, रस्त्यानं मेंढरं न्यावीत तर ट्रकवाले आईबहिणीवरून शिव्या घालायला लागले. नवरा शंभू वारला तेव्हा मावशीनं मेंढरं विकली आणि आमच्या गायरानाच्या कडेला छप्पर टाकलं. तिच्या मागोमाग आणखी नऊ बिऱ्हाडं येऊन टेकली. आता ती माणसं ऊस तोडतात, कांदा काढतात, कुणी कंपनीत जातं.

मावशीची धाकटी बहीण नकुशी मात्र शिरूरकडं, कारखान्यांच्या बाजूला राहायला गेली होती. कँटीनमध्ये भांडी घासायची. तिकडं शेतकऱ्यांनी कामगारांसाठी खोल्या बांधल्यात, त्या तुम्ही बघितल्या असतील. ऊस लावावा तशा ओळीनं लावलेल्या. वर पत्रा, पुढं हातभर बोळ, आणि दार उघडलं की समोर दुसऱ्या ओळीची बिनखिडकीची पाठ. शेजारी कोण राहतं ते कुणालाच ठाऊक नसतं, कारण एक झोपतो तेव्हा दुसऱ्याची ड्यूटी असते. त्या खोलीत नकुशी मेली. काय झालं, कधी झालं, कुणाला पत्ता नाही. आतून कडी होती. वास सुटला तेव्हा मालकाला कळलं, आणि त्यालाही आधी उंदीर मेला असं वाटलं. दार तोडलं तेव्हा निरोप मिळून आलेली अनसामावशी समोर होती. ती तेव्हा रडली नाही. घरी येऊन छपरापुढं बसली आणि दिवसभर एकच बोलत राहिली, “माळावर मेंढरू खोकलं तरी धा बाया उठायच्या. माझी बहीन मेली आन् कुत्रंबी भुकलं न्हाई.”

पुढं शासनानं गायरानावर भटक्या लोकांसाठी वसाहत मंजूर केली. दहा बिऱ्हाडांना दहा पक्की घरं. आनंदरावांनी पेढे वाटले. पेढ्यांच्या प्रत्येक पुड्यावर त्यांचा फोटो होता, त्यामुळं पुडा फेकताना माणूस जरा दचकायचा. घरं रस्त्याच्या कडेनं एका रांगेत, दारं रस्त्याकडं, मागं मोकळं रान. दौंडच्या ठेकेदारानं चुन्याची फक्की मारून जागा आखली, दारांच्या जागी मोठ्या फुल्या मारल्या आणि तो गेला. ठेकेदार बिलाच्या दिवशी उगवतो, एरवी मावळलेला असतो.

अनसामावशी ती आखणी बघत उभी राहिली. मग तिनं ठेकेदाराच्या मुकादमाला विचारलं, “दादा, शेजारनीच्या दारात काय चाललंय, ते मला माज्या दारातून कुठनं दिसनार?”

मुकादम म्हणाला, “मावशी, शेजारणीच्या दारात तुम्हाला काय बघायचंय?”

“ती जित्ती हाय का न्हाई, त्येवढंच.”

मुकादम हसला. मावशीला हसू आलं नाही. आणि मग जे झालं, ते फक्त धनगराच्या बायकाच करू शकतात.

वाड्याची एक रीत असते. बिऱ्हाड कुठं टाकायचं, तोंड कुणीकडं करायचं, हे बाई ठरवते. पुरुष मेंढरांमागं असतात, बाई पुढं जाऊन तीन दगड मांडते, चूल पेटवते, की बिऱ्हाड बसलं. पेटलेली चूल मग मुक्काम हलेपर्यंत कुणी हलवायची नाही, नवऱ्यानंसुद्धा नाही. मध्ये जाळी लावून मेंढरं, भोवती बिऱ्हाडं, सगळ्यांची तोंडं आत आणि पाठी बाहेर वाऱ्याकडं. तर दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडी येऊन बघतात, तो दहा बाया आपापल्या जागेवर बसलेल्या. रातोरात फक्की पुसून रांगेची दोन्ही टोकं रानाकडं वाकवून घेतलेली, घोड्याच्या नालासारखी. आणि रस्त्याच्या बाजूला दाराची फुली जिथं यायची, बरोब्बर तिथं प्रत्येकीची चूल, चुलीवर पातेलं, पातेल्यात डाळ.

गवंडी बिहारकडचे. त्यांचा मुख्य म्हणाला, “अम्मा, चूल्हा हटाओ, दरवाजा इधर है.”

मावशी म्हणाली, “पेटलीय.”

“तो बुझा दो ना.”

दहाच्या दहा बाया त्याच्याकडं अशा काही बघायला लागल्या, की तो दोन पावलं मागं सरला. शेवटी त्यानं ठेकेदाराला फोन लावला. ठेकेदार उचलेना. मजुरी अंगावर घेतलेली, खाडा करून कसं भागणार? त्यानं कपाळावर हात मारला आणि चुलींच्या मागून, रस्त्याच्या अंगानं सलग भिंत उचलली, दार आतल्या बाजूला सोडलं.

पंचायत समितीच्या इंजिनियर हर्षदा मॅडम जोत्याचे फोटो काढायला आल्या. पोरगी नवीन होती, अजून लोकांचं ऐकून घ्यायची सवय सुटली नव्हती. तिनं मावशीचं सगळं ऐकलं, नकाशा दोनदा उलटासुलटा केला आणि म्हणाली, “नकाशात दार आहे. ते कुठं तोंड करून, हे कुणी लिहिलेलंच नाही. मापं बरोबर आहेत.” आणि सही केली. शेजारशेजारच्या दोन घरांत एकच भिंत आल्यानं विटाही वाचल्या. त्या विटांचा मावशीनं ओटा मागितला, सगळ्या घरांपुढून सलग फिरणारा. ओट्यावर बसवायला फरशी कुठून आणणार? गावची जुनी दगडी चावडी पाडून आनंदरावांनी व्यापारी संकुल केलं होतं, आणि चावडीचे घडीव दगड नदीकाठी बाभळीत लोळत पडले होते. बायांनी ते उचलून आणले. ओटा झाला तेव्हा गावातले म्हातारे तिथं यायला लागले. दगड ओळखीचे होते ना. व्यापारी संकुलाच्या पायरीवर बसलं की दुकानदार ‘काय पायजे?’ विचारतो. इथं कुणी विचारत नव्हतं.

आनंदराव इतके दिवस कुठं होते म्हणाल, तर निवडणुकीत, मुक्काम तालुक्याला. आले ते थेट स्लॅब पडल्यावर. रस्त्यावर गाडी थांबवली, काच खाली केली, आणि त्यांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. समोर दहा घरांच्या दहा पाठी. एक दार नाही, एक खिडकी नाही.

“पोपट्या,” ते मला म्हणाले, कारण पाट्या रंगवायला त्यांनी मला बरोबर आणलं होतं, “ही घरं माझ्याकडं पाठ करून का उभी आहेत?”

वसाहतीला लागूनच त्यांचा बंगला. दोन मजले, चार खांब, खांबांवर सिंह. सिंहांना ऊन लागतं म्हणून वर पत्रा टाकलेला. भोवती उंच कंपाउंड, त्यावर काचा, कोपऱ्याकोपऱ्यात कॅमेरे. एवढा थाटमाट करून माणूस बसलाय आणि शेजारी दहा घरांनी पाठ फिरवावी, हे त्यांच्या मनाला लागलं. शिवाय खरी अडचण पुढं होती. घरांच्या चाव्या द्यायला मुंबईहून मोठे नेते यायचे होते. मांडव रस्त्यावर, फोटो रस्त्यावर, आणि दार पलीकडं!

“फोडा भिंती,” आनंदराव म्हणाले. “दारं इकडं पाडा, आतली दारं बुजवा.”

अनसामावशी ओट्यावरून उठून आली. पदर खोचलेला. “सरपंच, ह्यातलं येक दार बुजवलं तर मी पुन्यांदा छपरात जाऊन ऱ्हाईन. धाच्या धा बिऱ्हाडं येतील माज्यासंगं. मग द्या चाव्या कुनाला द्यायच्या त्या.”

“अहो बाई, शासन तुम्हाला पक्कं घर देतंय!”

“पक्कं तर नकुशीचंबी व्हतं. कडी लई पक्की व्हती.”

मावशीचा आवाज तिथं फुटला. मी तिला तीस वर्षं ओळखतो, असा आवाज कधी ऐकला नव्हता.  आनंदराव म्हणाले, “तुमच्या भावना मला समजतात. पण कार्यक्रम ठरलाय.” पुढाऱ्याला भावना नेहमीच समजतात. समजून झाल्या की तो फोडा म्हणतो.

आता माझं टाळकं फिरलं. गवंडी पहारी घेऊन उभे, बाया भिंतींना पाठ लावून उभ्या, आणि मी मध्ये रंगाचा डबा घेऊन. माझ्या तोंडून निघून गेलं, “सरपंच, दार दिसल्याशी मतलब आहे ना? मग मी काढून देतो की.”

आणि काढली. दहा पाठींवर दहा दारं. चौकट सागवानी, कडी पितळी, वर झेंडूचं तोरण, खाली पायपुसणं. दारावर पाटी, पाटीवर लाभार्थ्याचं नाव बारीक आणि सरपंचांचं ठसठशीत. हर्षदा मॅडम बघून गेल्या, गाडीत बसल्यावर त्यांचे खांदे हलताना दिसले. आनंदराव खूश. म्हणाले, “खऱ्या दारापेक्षा बरं. पावसानं फुगत नाही.”

कार्यक्रमाच्या दिवशी नेते आले, हार झाले, भाषण झालं. मग चावी हातात घेऊन ते उत्साहानं सरळ पहिल्या दाराकडं निघाले. ठरलं होतं मांडवातच चावी द्यायची. आनंदराव मागून ‘साहेब, साहेब’ करतायत, पण कॅमेरे पुढं असले की नेत्याला मागचं ऐकू येत नाही. त्यांनी दारावर टकटक केली. भिंत ती, टकटक कसली होणार? बोटं चांगलीच लागली असणार, पण माणूस कसलेला. चेहऱ्यावर सुरकुती नाही. फोटो निघेपर्यंत ठोठावत राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, “ताई, दार उघडा, तुमचा भाऊ आलाय!”

मांडवात पाचशे माणूस. एकानं हसू दाबलं, ते दुसऱ्याच्या नाकातून बाहेर पडलं.

तेवढ्यात अनसामावशी घरांच्या कडेनं पुढं आली. “भाऊ, तिथनं न्हाई. हिकडनं या.” आणि हाताला धरून त्यांना आत नेलं.

आत अंगण. कडुलिंबाखाली ओटा, ओट्यावर घोंगडं. कुणी पापड वाळत घातलेले, कुणाचं बाळ शेजारणीच्या मांडीवर, पूनम म्हणून मावशीची सून आहे, ती चहा गाळत होती. नेते बसले. चहा प्याले. दुसरा मागितला. पाय वर घेऊन बसले, म्हणाले, “फार बरं वाटतंय हो इथं.” सेक्रेटरीनं घड्याळ दाखवलं तेव्हा नाइलाजानं उठले, चपला घातल्या, आणि चपला घातल्याबरोबर पुन्हा नेते झाले. अंगणाकडं हात करून म्हणाले, “ही जागा अशी वाया जाता कामा नये. इथं माझ्या फंडातून सभामंडप देतो. माणसं एकत्र बसली पाहिजेत!”

मावशी म्हणाली, “मंग आत्ता आपन काय करत व्हतो?”

टाळ्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही. सभामंडप अजून मंजूर आहे. देव करो आणि मंजूरच राहो.

वसाहतीचा बोलबाला झाला. नदीपलीकडून, दौंड तालुक्यातून एक शिष्टमंडळ बघायला आलं. अंगणात बसून चहा प्यालं, ओट्याचे फोटो काढले, मावशीला शाल दिली. मग गावी जाऊन त्यांनी घरं रांगेतच बांधली, एकामागं एक, आणि मागच्या भिंतींवर दारं रंगवायला मला बोलावलं. मी गेलो नाही. म्हणजे गेलो, पण चौकटीचे पैसे जास्त लावले.

इकडं आनंदरावांचं निराळंच झालं. मुलगा सत्यजीत पुण्यात, बायको अनिता नातवंडांसाठी त्याच्याकडं. एवढ्या मोठ्या बंगल्यात हा एकटा माणूस आणि चार सिंह. संध्याकाळी ‘पाहणी’ म्हणून अंगणात यायचे. पाहणी करता करता ओट्यावर टेकायचे, टेकता टेकता भाकरी खायचे. मावशी वाढायची आणि दर वेळी ऐकवायची, “सरपंच, पाहनी झाली आसंल तर पानी द्यू का?” ते रागवायचे, आणि दुसऱ्या दिवशी परत यायचे.

मग एका सकाळी मावशीच्या लक्षात आलं, की बंगल्याच्या पोर्चमधला दिवा उन्हं आली तरी जळतोय. तिनं कंपाउंडपाशी उभं राहून हाक मारली. तीच ती, नदीपार जाणारी हाक. उत्तर नाही. फाटकाला आतून कुलूप. मावशीनं आणखी विचार केला नाही. काचांवर घोंगडी टाकली, पोरं भिंतीवरून उतरवली आणि स्वतः या वयात त्यांच्या मागून चढली.

आनंदराव न्हाणीघरात पडले होते. गुळगुळीत महागाच्या फरशीवर घसरून मांडीचं हाड मोडलेलं. आदल्या रात्रीपासून ओरडत होते, पण खिडक्या एसीसाठी बंद. कॅमेरे सगळे बाहेर, फाटकावर आणि कंपाउंडवर रोखलेले. दार तोडायला लागलं.

आणि पुण्यात सत्यजीतनं मोबाईलवर काय बघितलं? धनगराची माणसं बंगल्याच्या भिंतीवरून उड्या मारतायत! त्यानं बापाला फोन लावला, बाप उचलेना, मग पोलिसांना लावला. गलका ऐकून मी पोचलो, पाठोपाठ पोलीस आले, तेव्हा अनसामावशी आनंदरावांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. हवालदारानं विचारलं, “काय गं, आत कशी शिरलीस?” पडल्यापडल्या आनंदराव त्याच्यावर असे खेकसले, की त्या दिवशी पहिल्यांदा ते मला खरोखर सरपंच वाटले. “अहो-जाहो बोल तिला, भाड्या!”

दवाखान्यातून ते वॉकर घेऊन परत आले. सत्यजीतनं आणखी चार कॅमेरे बसवले. परवा मला निरोप आला, रंग घेऊन ये. मी गेलो, तर आनंदराव वसाहतीच्या ओट्यावर बसलेले. समोर दहाही बाया. त्यांच्या कंपाउंडची एक बाजू अंगणाला लागून आहे. तिकडं बोट करून ते खाली मान घालून म्हणाले, “अनसाबाई, इथून एक दार पाडावं म्हणतो. अंगणात उघडणारं. तुमची सगळ्यांची परवानगी असेल तर.”

सबंध गावाच्या परवानग्या आजवर ज्यानं दिल्या, तो माणूस परवानगी मागत होता. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. कुणी हसलं नाही.

“पाडा,” मावशी म्हणाली. “पन कडी आमच्या बाजूला बसंल.”

“म्हणजे?” आनंदराव ताठ झाले. “माझ्या घराची कडी तुमच्या हातात?”

“मग कुनाच्या? पुन्यांदा पडलात तर उठून काढनार हाय का तुम्ही?”

आनंदरावांनी एकदा कंपाउंडकडं बघितलं.  मग मला म्हणाले, “पोपट्या, गवंड्याला सांग, कडी हिकडनं लाव म्हणावं.”